बुरशीतली डीएनए तोडणारी विकरे (एन्झाइम) पेशीत कुठे असतात, ते कसे शोधायचे: नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

यीस्टच्या पेशी काचेच्या मण्यांबरोबर जोरात हलवून फोडल्या, मिळालेला गढूळ अर्क प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळांत, मिसळला आणि अर्ध्या तासाने जेलवर पाहिले, तर डीएनएचा ठळक पट्टा नाहीसा होऊन खाली नुसता फिकट पसारा उरलेला दिसतो. एमएस्सीच्या प्रकल्पात बरेच विद्यार्थी इथवर पोहोचतात आणि वहीत लिहितात, ‘न्यूक्लिएज आढळले’, म्हणजे डीएनए किंवा आरएनए तोडणारे विकर आढळले. निरीक्षण खरे असते, पण त्यातून फार थोडे कळते. पेशी फोडताना रिक्तिका (व्हॅक्युओल) फुटली, तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) फुटल्या, भित्तिकेत (पेशीच्या भिंतीत) अडकलेली विकरे सुटली आणि सगळे एकाच नळीत आले. जिवंत पेशीत यातले कोणते विकर डीएनएला कधी भेटते, हे त्या जेलवरून सांगता येत नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की आधी जागा विचारा, मग मात्रा. डीएनए तोडणारे विकर पेशीचे भले करते की तिला मारते, हे ते कुठे आहे यावर ठरते. हा लेख ती जागा शोधण्याच्या वाटेबद्दल आहे. महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत जमेल तिथून सुरुवात करू आणि मोठी यंत्रे लागतील तिथे तसे सांगू.

आधी रहिवाशांची ओळख

प्रयोगाला हात घालण्यापूर्वी चार-पाच विकरे नीट ओळखून घ्या. पुढे जे काही सापडेल, ते यांच्याशीच ताडून पाहावे लागते.

पेशीबाहेर टाकल्या जाणाऱ्यांत सगळ्यात प्रसिद्ध आहे एस१ न्यूक्लिएज. ते अ‍ॅस्परजिलस ओरायझी या कोजी बुरशीचे. जोकिची ताकामिने यांनी १८९४ साली अमेरिकेत या बुरशीपासून मिळणाऱ्या पाचक विकरांच्या भुकटीचे पेटंट घेतले. ही ‘ताकाडायस्टेज’ पुढे जगभर पोटाचे औषध म्हणून विकली गेली. त्याच भुकटीत १९६६ साली आंदो यांना एस१ सापडले. ते एकपदरी डीएनए आणि आरएनए तोडते आणि दुपदरी डीएनएला सहसा हात लावत नाही. त्याला जस्त लागते आणि आम्लता लागते, साधारण पीएच ४.५ च्या आसपास. पेनिसिलियम सिट्रिनमचे पी१ न्यूक्लिएज त्याचेच भावंड. त्याच्या रचनेत जस्ताचे तीन अणू आहेत. यीस्टच्या आरएनएपासून चव वाढवणारे न्यूक्लिओटाइड काढण्याच्या जपानी उद्योगात पी१ने मोठी कामगिरी केली. इन्स्टंट नूडल्सच्या मसाल्याच्या पाकिटावर ६३५ हा आकडा दिसतो ना, तो याच जातीच्या न्यूक्लिओटाइडचा.

पुण्याचाही या विषयाशी जुना संबंध आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व्ही. शंकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पावावर येणाऱ्या ऱ्हायझोपस स्टोलोनिफर या बुरशीचे पेशीबाह्य न्यूक्लिएज शुद्ध करून तपासले. डीएनए आणि आरएनए दोन्ही तोडणाऱ्या या विकराला त्यांनी ‘आरएसएन’ म्हटले. बासिडिओबोलस या बुरशीच्या न्यूक्लिएजवरही तिथे काम झाले. एकपदरी डीएनए तोडणाऱ्या विकरांचा त्यांच्या गटाचा २००३ सालचा आढावा आजही नवशिक्यांनी वाचावा असा आहे.

आता पेशीच्या आत येऊ. यीस्टच्या तंतुकणिकांत दोन अगदी वेगळ्या स्वभावाची विकरे राहतात. आय-एससीई१ हे १८ अक्षरांचा एकच क्रम ओळखून तिथेच छेद देते. त्याचे जनुक तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएत, मोठ्या आरएनए-जनुकाच्या आत बसलेले असते. ज्या डीएनएत हा तुकडा नाही तिथे छेद द्यायचा आणि दुरुस्तीच्या वेळी स्वतःची प्रत तिथे बसवून घ्यायची, असा त्याचा संसार. फ्रान्समध्ये बर्नार द्यूजों यांच्या गटाने तो उलगडला. दुसरे न्यूक१. ते क्रम वगैरे पाहत नाही, डीएनए आणि आरएनए दोन्ही तोडते. त्याचे जनुक मात्र केंद्रकात असते, प्रथिन बाहेर पेशीद्रव्यात बनते आणि मग तंतुकणिकेत शिरून आतल्या पटलाजवळ राहते.

केंद्रकात तर गर्दीच आहे. एचओ विकर तिसऱ्या गुणसूत्रावरच्या मॅट या जागी छेद देऊन यीस्टचा प्रजनन-प्रकार बदलवते. स्पो११ अर्धसूत्री विभाजनात (मायोसिसमध्ये) गुणसूत्रांना जागोजागी छेद देते. त्या छेदांवाचून गुणसूत्रांची देवाणघेवाण होत नाही. हे काम स्पो११चेच आहे, हे १९९७ साली यीस्टवरच्या प्रयोगांतून सिद्ध झाले. याखेरीज दुरुस्तीची पथके असतात: एमआरई११, रॅड१ आणि रॅड१० ची जोडी, रॅड२७, एमयूएस८१ आणि इतर कितीतरी.

एचओजवळ जरा थांबतो, कारण ‘कुठे’ या प्रश्नाचे इतके सुंदर उत्तर दुसरीकडे मिळत नाही. एचओ ओळखते तोच क्रम त्याच गुणसूत्रावर एचएमएल आणि एचएमआर या आणखी दोन जागी आहे. तिथे एचओ छेद देत नाही, कारण सर (एसआयआर) नावाच्या प्रथिनांनी तो डीएनए घट्ट झाकून ठेवलेला असतो. म्हणजे एकाच केंद्रकातल्या एकाच गुणसूत्रावरही ‘पोहोचणे’ वेगवेगळे असते. शिवाय एचओ बनते ते फक्त आई-पेशीत. कळीतून आलेल्या मुलगी-पेशीत अ‍ॅश१ हे प्रथिन त्याचे जनुक बंद ठेवते. आणि अ‍ॅश१ मुलगीतच का? तर त्याचा संदेशवाहक आरएनए अ‍ॅक्टिनच्या तंतूंवरून ओढून कळीच्या टोकाला नेला जातो. एका आरएनएच्या जागेवरून कोणत्या पेशीच्या डीएनएला छेद बसणार, ते ठरते.

पायरी १: नाव आणि जनुक पक्के करा

यीस्टसाठी सॅकरोमायसिस जीनोम डेटाबेस, तंतुमय बुरशांसाठी फंगीडीबी आणि प्रथिनांसाठी युनिप्रॉट ही तीन संकेतस्थळे पुरेशी आहेत. तिथे जनुकाच्या नावापेक्षा त्याच्या क्रमांकावर विश्वास ठेवा. बुरशांच्या जनुकांची नावे एकमेकांशी जुळत नाहीत आणि इथे नवशिके हमखास फसतात. यीस्टचे न्यूक१ हे खरोखर न्यूक्लिएज आहे. न्यूरोस्पोरा क्रासाचे न्यूक-१ मात्र न्यूक्लिएज नाही. ते फॉस्फरसची टंचाई झाली की इतर जनुके चालू करणारे नियंत्रक प्रथिन आहे. ते बिघडलेल्या बुरशीला न्यूक्लिक आम्लावर फॉस्फरस मिळवून जगता येत नाही, म्हणून त्या जनुकाला ते नाव पडले. दोघांची अनुक्रम-तुलना करत बसाल तर आठवडा वाया जाईल.

क्रम उतरवून घेताना अनुवादाचा तक्ता तपासा. यीस्टच्या तंतुकणिकेत सीटी या दोन अक्षरांनी सुरू होणारे चारही कोडॉन (तीन अक्षरी संकेत) ल्युसीनऐवजी थ्रिओनीन आणतात, आणि नेहमी ‘थांबा’ म्हणणारा टीजीए ट्रिप्टोफॅन आणतो. त्यामुळे आय-एससीई१चे जनुक नेहमीच्या तक्त्याने वाचले तर चुकीचे प्रथिन हाती येते. एनसीबीआय या अमेरिकी जैव-माहिती केंद्राच्या यादीतला तक्ता ३ यीस्टच्या तंतुकणिकांसाठी आहे, तक्ता ४ इतर बुरशांच्या तंतुकणिकांसाठी. कँडिडा अल्बिकन्सच्या केंद्रकातल्या जनुकांसाठी तक्ता १२ निवडा, कारण तिथे सीटीजी म्हणजे सेरीन.

पायरी २: प्रथिनावर लिहिलेला पत्ता वाचा

प्रथिनाच्या सुरुवातीला पंधरा ते तीस अमिनो आम्लांचा पाण्याला टाळणारा पट्टा असेल तर ते बहुधा स्रावमार्गाला लागते. एस१ आणि पी१ अशीच बाहेर जातात. सुरुवातीला आर्जिनीन भरपूर आणि आम्लधर्मी अमिनो आम्ले जवळजवळ नाहीत, असे दिसले तर तंतुकणिकेचा संशय घ्या. लायसिन आणि आर्जिनीनचे छोटे पुंजके केंद्रकाकडे बोट दाखवतात. सिग्नलपी, टार्गेटपी, मायटोफेट्स, डीपलॉक ही मोफत साधने हे काम मिनिटांत करतात.

पण हे अंदाज आहेत, पुरावे नव्हेत. व्हीडीईचे उदाहरण कायम लक्षात ठेवा. हे विकर यीस्टच्या व्हीएमए१ या जनुकाच्या पोटात लिहिलेले आहे, आणि व्हीएमए१ हे रिक्तिकेच्या पटलावरच्या प्रोटॉन-पंपाचा भाग. जनुकाचे नाव पाहून कुणीही म्हणेल, रिक्तिका. प्रत्यक्षात प्रथिन बनल्यावर व्हीडीई स्वतःला त्यातून कापून बाहेर काढते, दोन्ही टोके जोडून पंपाचा भाग पूर्ण करून देते आणि स्वतः मोकळे होते. मग अर्धसूत्री विभाजनाच्या काळात केंद्रकात शिरून, ज्या व्हीएमए१मध्ये आपण नाही त्या प्रतीला छेद देते. क्रमावर चालणारे कोणतेही साधन हा प्रवास सांगू शकत नाही.

यीस्ट असेल तर आणखी एक तयार आधार आहे. २००३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी ४,१५६ प्रथिनांना हिरवे चमकणारे जीएफपी जोडून त्यांच्या जागा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. तुमचे विकर त्यात आहे का, ते आधी बघा.

पायरी ३: कोणती बुरशी घ्यायची

पहिल्यांदा काम करत असाल तर यीस्टच घ्या. पेशी सुट्या असतात, भित्तिका सहज काढता येते आणि जगण्यासाठी अत्यावश्यक नसलेले जवळपास प्रत्येक जनुक काढून टाकलेले वाण विकत मिळतात. पेशीबाह्य विकर पाहायचे असेल तर अ‍ॅस्परजिलस ओरायझी. न्यूरोस्पोराचा इतिहास समृद्ध आहे, पण तिचे तंतू फोडून रिक्तिका आणि तंतुकणिका शाबूत काढणे पहिल्या वर्षी जड जाते.

भिंतीवरची किंवा शिळ्या भाकरीवरची हिरवी बुरशी आणून सुरुवात करू नका. कोजी बुरशीची जवळची नातलग अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस अफ्लाटॉक्सिन बनवते आणि डोळ्यांनी दोघींत फरक करणे कठीण असते. म्युकरमायकोसिसने २०२१ साली महाराष्ट्रात जे केले ते विसरण्यासारखे नाही, म्हणून ऱ्हायझोपस कुळातली बुरशी उघड्या टेबलावर हाताळू नये. ओळख पटलेले संवर्ध पुण्यातच मिळतात: राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आणि आघारकर संशोधन संस्थेतला राष्ट्रीय बुरशी संग्रह. महाविद्यालयाच्या पत्रावर मागणी करता येते.

पायरी ४: ताटलीवरची चाचणी

डीएनए घातलेल्या आगारवर बुरशी वाढवा. लिटरला दोन ग्रॅम डीएनए हे नेहमीचे प्रमाण. वाढ झाल्यावर ताटलीवर एक नॉर्मल (१ एन) तीव्रतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल ओता. लांब साखळीचा डीएनए आम्लात साकळून ताटली दुधाळ होते, आणि जिथे तो तुटला आहे तिथे वसाहतीभोवती स्वच्छ वर्तुळ राहते. आम्लाने बुरशी मरते, तेव्हा त्याच संवर्धाची दुसरी ताटली राखून ठेवा. टोल्युइडीन ब्लू किंवा मिथाइल ग्रीन घातलेल्या ताटल्याही मिळतात, पण बुरशा स्वतः माध्यमाचा पीएच बदलतात आणि रंग त्यानेही हलतो. रंगावर विसंबलात तर शेवटी आम्लाने खातरजमा करा.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. माध्यमात फॉस्फेट भरपूर असेल तर कित्येक बुरशा न्यूक्लिएज बाहेर टाकतच नाहीत. त्यांच्या दृष्टीने डीएनए हा फॉस्फरसचा साठा आहे आणि गरज पडल्याशिवाय त्या तो फोडत नाहीत. म्हणून एक ताटली भरपूर फॉस्फेटची, एक कमी फॉस्फेटची अशी जोडी लावा. दुसरी गोष्ट डीएनएच्या रूपाची. एस१सारखे विकर दुपदरी डीएनएला फारसे तोडत नाही, त्यामुळे साध्या ताटलीवर ते नापास दिसेल. डीएनए उकळून लगेच बर्फात थंड केला की बराचसा एकपदरी राहतो. त्याची वेगळी ताटली करा.

मक्यावरची एक रोगकारक बुरशी, कॉक्लिओबोलस हेटरोस्ट्रोफस, पेशीबाहेर डीएनएज सोडते, आणि २०१९ सालच्या अभ्यासात ते तिच्या रोगकारकतेला हातभार लावते असे दिसले. वनस्पतींची मुळे आपल्या टोकांभोवती डीएनएचे जाळे सोडून हल्लेखोरांना अडवतात, ते जाळे बुरशी बहुधा याने तोडते. तेव्हा ताटलीवरचे ते वर्तुळ बुरशीच्या खऱ्या आयुष्यातही उपयोगाचे असते.

पायरी ५: बाहेर टाकले की गळले?

द्रव माध्यमात विकर सापडले म्हणजे ते स्रवले असे होत नाही. जुन्या संवर्धात मेलेल्या पेशींतून सगळेच बाहेर येते. याची परीक्षा सोपी आहे. त्याच गाळलेल्या द्रवात ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज मोजा. हे विकर पेशीद्रव्यातले आहे, बाहेर त्याचे काही काम नाही. ते बाहेर दिसू लागले की पेशी फुटत आहेत, आणि तुमच्या न्यूक्लिएजबद्दल त्या नमुन्यावरून काही बोलू नये. वाढीच्या सुरुवातीपासून ठरावीक अंतराने नमुने घेतले तर स्राव आणि गळती वेगळी दिसते. काही विकरे बाहेर पडूनही भित्तिकेतच अडकून राहतात, म्हणून धुतलेल्या, न फोडलेल्या पेशींवरही चाचणी घ्या.

पायरी ६: पेशीचे भाग वेगळे करणे

सगळ्यात जास्त वेळ आणि काळजी या पायरीला द्या. काचेचे मणी इथे वापरायचे नाहीत. मण्यांनी भित्तिकेबरोबर आतले कप्पेही फुटतात.

तंतुकणिका हव्या असतील तर यीस्ट ग्लुकोजवर वाढवू नका. ग्लुकोज भरपूर असले की यीस्ट श्वसनाची यंत्रणा मंदावते आणि तंतुकणिका कमी राहतात. ग्लिसरॉल किंवा लॅक्टेटवर वाढवा. पेशी गोळा करून डीटीटी घातलेल्या अल्कधर्मी बफरमध्ये थोडा वेळ ठेवा, म्हणजे भित्तिकेतले गंधकाचे बंध सैल होतात. मग १.२ मोलर सॉर्बिटॉलमध्ये झायमोलिएज हे भित्तिका विरघळवणारे विकर घालून ३० अंशांवर हळूहळू हलवत ठेवा. भित्तिका गेलेल्या पेशी साध्या पाण्यात टिकत नाहीत. अधूनमधून दोन थेंब पाण्यात मिसळून गढूळपणा मोजा. तो झपाट्याने उतरला की काम झाले. यापुढे सगळे बर्फावर, आणि बफरमध्ये पीएमएसएफसारखा प्रोटिएज-रोधक, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या विकरांना अडवणारा.

तंतुमय बुरशांसाठी भित्तिका विरघळवणारी जी मिश्रणे मिळतात, त्यांतली बरीच ट्रायकोडर्मापासून काढलेली असतात. तीही बुरशीच, तेव्हा मिश्रणात तिची स्वतःची न्यूक्लिएजेस असू शकतात. विरघळवणारे विकर एकटे घेऊन, पेशींशिवाय, पूर्ण चाचणी एकदा करा. हा नियंत्रण-प्रयोग नसेल तर परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील.

पुढे काचेच्या डाउन्स होमोजिनायझरमध्ये हळुवार दहा-पंधरा फेरे. मग सेंट्रिफ्यूज. साधारण २,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २,००० पट) इतक्या वेगाला केंद्रके आणि न फुटलेल्या पेशी खाली बसतात. वरचा द्रव १२,००० जी ला फिरवला की तंतुकणिकांचा साका मिळतो. उरलेला द्रव १,००,००० जी ला तासभर फिरवला की बारीक पटले खाली जातात आणि वर पेशीद्रव्य राहते. शेवटच्या टप्प्याला अल्ट्रासेंट्रिफ्यूज लागते. ते नसेल तर तो टप्पा वगळून तसे स्पष्ट लिहा, कुणी दोष देत नाही. रिक्तिका या वाटेने मिळत नाहीत. त्या नाजूक आणि हलक्या असतात. त्यांच्यासाठी फायकोलच्या थरांवर तरंगवण्याची वेगळी पद्धत आहे.

आता प्रत्येक भागात खुणेची प्रथिने मोजा. पेशीद्रव्यासाठी पीजीके१, तंतुकणिकेसाठी पोरिन किंवा सायटोक्रोम ऑक्सिडेज, केंद्रकासाठी हिस्टोन एच३, रिक्तिकेसाठी कार्बॉक्सिपेप्टिडेज वाय. प्रतिपिंडे महाग पडत असतील तर रिक्तिकेसाठी अल्फा-मॅनोसिडेजची पिवळा रंग देणारी चाचणी स्वस्तात होते. फ्यूमरेज खुणेसाठी घेऊ नका. यीस्टमध्ये ते पेशीद्रव्यात आणि तंतुकणिकेत, दोन्हीकडे असते.

हिशेब करताना प्रत्येक भागातली एकूण क्रियाशीलता मांडा आणि सगळ्यांची बेरीज मूळ अर्काशी ताडा. बेरीज फारच कमी आली तर काहीतरी नासले. जास्त आली तर ते लक्षात घेण्यासारखे आहे: मूळ अर्कात एखादा रोधक होता आणि भाग वेगळे होताना तो सुटला, किंवा निष्क्रिय रूप सक्रिय झाले. न्यूरोस्पोरात हे प्रत्यक्ष दिसले आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात एम. जे. फ्रेझर यांच्या गटाला तिच्यात एका न्यूक्लिएजचे निष्क्रिय रूप सापडले, जे प्रोटिएजने जागे होते. रिक्तिका प्रोटिएजनी भरलेली असते. ती तुमच्या हातून फुटली तर जिवंत पेशीत नसलेली क्रियाशीलता नळीत उभी राहील. पीएमएसएफ विसरू नका म्हणतो ते यासाठी.

पायरी ७: कोण तोडते आहे, ते पीएच आणि धातूंकडून विचारा

पीयूसी१९ किंवा पीबीआर३२२ प्लाझ्मिड घ्या. पिळाचे प्लाझ्मिड जेलवर सगळ्यात पुढे पळते. एका पदराला खाच पडली की ते सैल वर्तुळ होऊन मागे रेंगाळते. दोन्ही पदर एकाच जागी तुटले की सरळ रेषेचा पट्टा दोघांच्या मध्ये येतो. वेळेचे नमुने घेतल्यास विकर आधी खाच पाडते की थेट आरपार तोडते, ते दिसते. पाच, दहा, वीस मिनिटांचे नमुने घ्या. एकच तासाभराचा नमुना घेतला तर फक्त पसारा दिसेल.

प्रत्येक भाग निदान चार बफरमध्ये तपासा: पीएच ४.६ जस्तासह, पीएच ७.५ मॅग्नेशियमसह, पीएच ७.५ मँगनीजसह, आणि पीएच ७.५ ईडीटीए हे धातू बांधून ठेवणारे द्रव्य घालून. आम्लात आणि जस्ताबरोबर चालणारे विकर एस१-पी१च्या कुळातले असण्याची शक्यता मोठी. मॅग्नेशियम किंवा मँगनीजबरोबर उदासीन पीएचला चालणारे आणि तंतुकणिकांच्या साक्यात मिळणारे विकर बहुधा न्यूक१. ही माहिती जागेच्या पुराव्याशी जुळते का, ते पाहा. रिक्तिकेचे आतले वातावरण आम्लधर्मी असते. तिथे सापडलेले विकर फक्त पीएच ८ ला चालत असेल तर ते तिथले रहिवासी नसून बाहेरून चिकटलेले असावे.

पायरी ८: आत की बाहेर चिकटलेले?

तंतुकणिकांच्या साक्यात क्रियाशीलता सापडली तरी विकर आत आहे हे ठरत नाही. फोडताना सुटलेली प्रथिने पटलाला बाहेरून चिकटतात. शाबूत तंतुकणिकांचे तीन वाटे करा. एक तसाच ठेवा, दुसऱ्यात प्रोटिनेज के, तिसऱ्यात प्रोटिनेज के आणि ट्रायटन एक्स-१०० हे पटल विरघळवणारे द्रव्य. नंतर पीएमएसएफने प्रोटिनेज थांबवा, मगच डीएनए घाला. दुसऱ्या वाट्यात क्रियाशीलता टिकली आणि तिसऱ्यात गेली, तर विकर आत सुरक्षित होते. मात्र कधीकधी न्यूक्लिएज प्रोटिनेजला दाद देत नाही. तसे असेल तर तिसऱ्या वाट्यातही ते टिकेल आणि प्रयोग काहीच सांगणार नाही. बाहेरचे पटल तेवढे फोडायचे असेल तर तंतुकणिका पातळ बफरमध्ये फुगू द्या. आतले पटल सहसा टिकते.

पायरी ९: जनुक काढून बघा

हा पुरावा मला सगळ्यात जास्त पटतो. न्यूक१ नसलेले यीस्ट ताटलीवर नेहमीसारखे वाढते, पण त्याच्या तंतुकणिकांतली क्रमाची फिकीर न करणारी बहुतांश न्यूक्लिएज-क्रिया नाहीशी होते. या वाणाच्या साक्याबरोबर प्लाझ्मिडचा पट्टा शाबूत राहिला तर प्रश्नच मिटला, तोडणारे न्यूक१च. जोडीला डीएनए मिसळून ओतलेले प्रथिनांचे जेल चालवा. प्रथिने पांगल्यावर एसडीएस हे त्यांची घडी उलगडणारे द्रव्य धुऊन काढा, विकर पुन्हा घडी घालून कामाला लागते आणि त्याच्या जागी रंगाशिवाय काळा पट्टा दिसतो. त्या पट्ट्याचे वजन आणि जनुकावरून काढलेले वजन ताडून पाहा. सगळीच विकरे पुन्हा घडी घालत नाहीत, तेव्हा पट्टा नसणे हा नसल्याचा पुरावा मानू नका.

पायरी १०: जिवंत पेशीत, आणि वेळेच्या अंगाने

यीस्टमध्ये जीएफपी जोडायला साधारण चाळीस-पंचेचाळीस अक्षरांची जुळणी दोन्ही टोकांना असलेला पीसीआरचा तुकडा पुरतो. जीएफपी शक्यतो प्रथिनाच्या शेवटाला जोडा, कारण तंतुकणिकेचा आणि स्रावाचा पत्ता सुरुवातीला असतो आणि तिथे जीएफपी जोडले तर तो झाकला जातो. रिक्तिकेच्या आम्लात जीएफपी मंदावते, तिथे लाल चमकणारे एमचेरी बरे. डीएपीआय हा डीएनएला चिकटणारा रंग केंद्रकाबरोबर तंतुकणिकेतल्या डीएनएचे ठिपकेही रंगवते, त्यांना घाण समजू नका. रिक्तिकेच्या पटलाला एफएम४-६४ आणि तंतुकणिकांना मायटोट्रॅकर वापरा. आणि जीएफपी जोडलेले विकर अजून डीएनए तोडते का, हे पायरी ७ च्या चाचणीने तपासल्याशिवाय चित्रावर विश्वास ठेवू नका.

एकाच वेळचे चित्र मात्र पुरत नाही, कारण यातली कितीतरी विकरे जागा बदलतात. येन१ हे विकर डीएनएची प्रत तयार होत असताना आणि त्यानंतर काही काळ फॉस्फेटचे ओझे घेऊन केंद्रकाबाहेर थांबते. गुणसूत्रे वेगळी होऊ लागली की सीडीसी१४ हे दुसरे विकर ते ओझे उतरवते, येन१ आत जाते आणि गुणसूत्रांतल्या उरलेल्या गाठी सोडवते. वेळेआधी आत गेले असते तर चालू दुरुस्तीच घोटाळ्यात पडली असती. एनटीजी१ हे दुरुस्तीचे विकर केंद्रकात आणि तंतुकणिकेत दोन्हीकडे असते आणि ऑक्सिडेशनचा मार जिकडे बसेल तिकडे जास्त वळते. न्यूक१ पेशी मरणाच्या वाटेला लागली की तंतुकणिकेतून केंद्रकात पोहोचते, हे २००७ साली दाखवले गेले. बीजाणू तयार होताना ज्या केंद्रकांना बीजाणूत जागा मिळत नाही त्यांचा डीएनए तोडण्यातही त्याचा हात असतो, आणि त्या वेळी रिक्तिकाही फुटते. तेच न्यूक१ निरोगी पेशीत यीस्टच्या एल-ए विषाणूचा आरएनए आटोक्यात ठेवायला मदत करते.

म्हणून तुमच्या विकराचे नमुने निदान तीन अवस्थांत घ्या: जोमात वाढणाऱ्या पेशी, वाढ थांबून उपाशी राहिलेल्या पेशी, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा अ‍ॅसेटिक आम्लाचा ताण दिलेल्या पेशी. यीस्ट द्विगुणित असेल तर पोटॅशियम अ‍ॅसिटेटवर बीजाणू तयार करायला लावून चौथा नमुना घ्या. विकर दोन कप्प्यांत दिसले तर प्रत्येक अवस्थेत खुणेच्या प्रथिनांची वाटणी शेजारी मांडा. पोरिन तंतुकणिकेतच राहिले आणि न्यूक्लिएज मात्र केंद्रकाच्या भागात वाढले, तर विकर खरोखर हलले. दोन्ही एकत्र सरकली असतील तर तंतुकणिकाच केंद्रकांच्या साक्यात मिसळल्या आहेत. मग पायरी ६ ला परत जा, होमोजिनायझरचे फेरे आणि पहिल्या फिरकीचा वेग बदलून बघा, आणि वहीत दोन्ही वेळचे आकडे ठेवा.